सांगायचं नाही असं ठरलं

चंद्रभागाबाईने देवाजवळ दिवा लावणं बंद केलं, हे घरात आधी ज्योत्सनाच्या लक्षात आलं. तेलाची बाटली भरायचं काम थोरली सून म्हणून तिच्याकडे होतं, आणि बाटली रिकामी होत नव्हती.

ज्योत्सनाने ही गोष्ट काही दिवस मनात ठेवली. मग एकदा तिचा नवरा लिलाधर मोहाडीच्या बाजारात मासे विकून परत आला, हातपाय धुऊन ताटावर बसला, तेव्हा तिने हळूच सांगितलं.

"माय दिवा नाई लावून राहिली."

"तेल सरलं असन."

"तेल गच्च भरून हाये. तेच तं सांगून राहिली."

लिलाधरने भाताचा घास तोंडात घातला. "भुलली असन."

चंद्रभागाबाई दिवा विसरणारी बाई नव्हती. लिलाधरच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही तिने आधी दिवा लावला आणि मग सुईणीला बोलवायला माणूस पाठवला, हे लिलाधरला जन्मभर ऐकवलं गेलं होतं. त्याने ताटावरून मान वर करून पाहिलं. समोरच्या खोलीत टीव्हीवर तोफा धडाडत होत्या आणि त्याची आई डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर पाटावर बसली होती.

सीमेवर गोळीबार सुरू झाल्यापासून घरात हेच चाललं होतं. प्रविण, घरातला धाकटा, फौजेत ट्रक चालवत होता. जम्मूकडे कुठेतरी. नेमकं कुठे ते तो सांगत नव्हता, आणि विचारायचं नाही असं लिलाधरने सगळ्यांना बजावलं होतं. पहिल्या दिवशी घराने बातम्या लावल्या. बातम्या देणारी माणसं इतकी ओरडत होती की जागेश्वर, प्रविणचा बाप, उठून तलावावर निघून गेला आणि दिवेलागणीला परत आला. दुसऱ्या दिवशी लिलाधरने बातम्या बंद केल्या. चॅनेल बदलता बदलता सिनेमा लागला. सिनेमा युद्धाचा होता. त्या आठवड्यात जिकडेतिकडे युद्धाचेच सिनेमे होते.

चंद्रभागाबाईने जन्मात युद्धाचा सिनेमा पाहिला नव्हता. ती पुराणातल्या मालिका पाहायची. त्यातल्या युद्धांचं तिला काही वाटत नसे, कारण त्यात कोण मरणार हे आधीच माहीत असतं. आता ती दुपारी एक आणि सायंकाळी एक असे सिनेमे पाहू लागली, आणि पोथी ऐकावी तशी लक्ष देऊन पाहू लागली. तिला दिसलं की सिनेमात सगळीकडे देव आहे. बंकरमध्ये देवाचा फोटो, ट्रकवर देवाचा झेंडा, खिशात अंगारा, गळ्यात ताईत. हल्ल्याला निघताना सगळे मिळून देवाचा जयजयकार करत. आणि त्यातला जो जवान देवाशी जास्त बोलायचा तो हमखास मरायचा. ज्याला आई ओवाळायची तो मरायचा. इकडे गावात आई देवाजवळ दिवा लावायची, वारा यायचा, दिवा विझायचा, आणि तिकडे गोळा पडायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिला त्या बाईचं वाईट वाटलं. पुढच्या सिनेमातही तेच झालं, त्याच्या पुढच्यातही. तेव्हा ती पाटावरून उठली, देवाजवळ गेली आणि सायंकाळी लावलेला दिवा तिने फुलाने शांत केला. दिवाच नसला तर तो विझणार कसा.

देव आहे याबद्दल तिला शंका नव्हती. त्याचं लक्ष सध्या आपल्या घराकडे जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दुसरी गोष्ट टीनाची होती. टीना म्हणजे प्रविणची बायको, पवनी गावची मुलगी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला तिसरा महिना लागला होता. अक्षय तृतीयेला ही बातमी घरात कळली, तेव्हा प्रविणची सुटी मंजूर झालेली होती. तो आल्यावर समोर बसवून सांगायचं, फोनवर नाही, असं टीनानेच ठरवलं होतं. मग गोळीबार सुरू झाला आणि सगळ्यांच्या सुट्या रद्द झाल्या. टीना म्हणाली, आता फोनवरच सांगते. पण तोपर्यंत चंद्रभागाबाईचे बरेच सिनेमे पाहून झाले होते. ज्या जवानाला बाप होणार असल्याचं कळतं, तो ते सगळ्या पलटणीला सांगतो, पेढे नसले तर गूळ वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी मरतो. याला तिने एकही अपवाद पाहिला नव्हता.

"हे सगळं निपटू दे, मंग सांग," ती टीनाला म्हणाली. "पोटावर हात ठेवून शबूद दे मले."

टीनाने शब्द दिला. तेवढ्यावर चंद्रभागाबाईचं समाधान झालं नाही. टीनाचा फोन टीव्हीच्या बाजूच्या फळीवर ठेवायचा, प्रविणचा फोन आला की स्पीकर लावायचा आणि सगळ्यांसमोर बोलायचं, असा नियम तिने केला. तेव्हापासून टीना आपल्या नवऱ्याशी जेवणाबद्दल आणि हवेबद्दल बोलत होती.

* * *

दिवा बंद झाल्याचं जागेश्वरच्याही लक्षात आलं होतं.

जागेश्वरचा बाप वैनगंगेच्या पुरात वाहून गेला, त्या दिवशी सकाळीच जागेश्वरच्या आईने नदीची पूजा केली होती, नारळ फोडला होता. जागेश्वर तेव्हा शाळेत जात होता. त्यानंतर त्याने कोणत्याही देवापुढे हात जोडले नाहीत. लग्नाच्या फोटोत त्याचे हात जोडलेले दिसत होते, ते फोटोवाल्याने सांगितलं म्हणून. बायको मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला जायची तेव्हा तो बाहेर चहाच्या टपरीवर बसायचा आणि चपला सांभाळायचा.

पण घरातलं एखादं काम कोणी करेनासं झालं की ते शेवटी जागेश्वरवर येत असे. छपरावरचे कवेलू फेरणं, नाली उपसणं, मेलेली घूस काढणं. हेही काम तसंच पडून होतं. त्याने दुकानातून अगरबत्तीचा पुडा आणला, सदऱ्याच्या आत लपवला, आणि पहाटे तलावावर डोंगा पाण्यात लोटला. मे महिन्यात तलाव आटलेला असतो, काठावर चिखल आणि मधे पाणी. मधोमध गेल्यावर काठावरचं कोणी ओळखू येत नव्हतं. तिथे त्याने डोंग्याच्या फळीच्या फटीत अगरबत्ती खोवली, पेटवली आणि हात जोडले. पुढे काय म्हणतात ते त्याला आठवेना. मग त्याने मुलाचं पूर्ण नाव, गावाचं नाव, तालुका आणि जिल्हा सांगितला. फौजेत प्रविण नावाचे पुष्कळ असणार. चुकामूक नको.

असं त्याने रोज केलं. जाळ्यात मासे सापडत होते तेवढेच सापडले, कमी नाही की जास्त नाही. ही गोष्ट त्याला बरी वाटली.

चंद्रभागाबाईने त्याला जेवताना पकडलं.

"तुमच्या सदऱ्याले अगरबत्तीचा वास येते."

"मासोळीचा येत असन."

"मासोळीचा मले माहीत हाये."

जागेश्वरने मिठाचा खडा भातात चुरला. "तू लावत नाई, म्हनून मी लावून राहिलो."

"बंद करा."

"काहून?"

तिने सांगितलं. सिनेमातल्या आया, सिनेमातले दिवे, सिनेमातले ताईत. जागेश्वरने सगळं ऐकून घेतलं. बायकोचं म्हणणं मधे तोडायचं नाही, ही सवय त्याला लग्नानंतर लवकरच लागली होती.

"हे सिनेमेवाले मुंबईत बसून बनवतात ओ," तो म्हणाला. "त्याईले काय माहीत?"

"एकानं दाखवलं असतं तं मीही तेच म्हनलं असतं. सगळेच दाखवून राहिले. सगळे खोटं कायले बोलतीन?"

जागेश्वरने पाण्याचा घोट घेतला. मग तो म्हणाला, "माह्या मायनं नारळ फोडला, अन् बाबा गेला. म्हनून मी देव सोडला. लग्न झाल्यावर तू मले काय म्हनली होती, आठवते?"

चंद्रभागाबाईने भाताचं भांडं पुढे ओढलं.

"तू म्हनली, नारळ नसता फोडला तरी पूर आलाच असता."

तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याने मागितला नव्हता.

"तो पूर होता," ती म्हणाली. "हे युद्ध हाये."

* * *

टीनाला घरात कोणी वाईट वागवत नव्हतं. उलट सगळे फार चांगले वागत होते, आणि त्यातल्या कोणाशीच तिला बोलता येत नव्हतं. सासरा रोज तिच्यासाठी वेगळा मरळ मासा काढून ठेवायचा. ज्योत्सना तिला चुलीजवळ बसू देत नव्हती. लिलाधर मोहाडीहून येताना आंबे आणायचा. तिला वाटायचं, हे सगळं प्रविणने करायचं होतं आणि त्याला माहीतच नाही.

शनिवारी प्रविणचा फोन आला. नेहमीसारखा स्पीकर लावला. जेवण झालं का, झालं. गरमी आहे का, आहे. मागे कसलातरी मोठा आवाज झाला आणि फोन तुटला. तो आवाज कशाचा होता ते कोणाला कळलं नाही. लिलाधर म्हणाला, ट्रकचं फाळकं पडलं असेल. सगळ्यांनी मान हलवली.

त्या सायंकाळी टीना सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, मी त्याईले सांगते."

"शबूद देला हाये तू."

"देला. पण आज तो आवाज आला, तवा माह्या मनात आलं," टीना थांबली. तिला वाक्य पुरं करायचं नव्हतं. तरी तिने केलं. "त्याईले काही झालं, अन् त्याईले माहीतच नसलं तं?"

ज्योत्सना तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. घरात इतके दिवस हे वाक्य कोणी बोललं नव्हतं, आणि ते सगळ्यात लहान बाईने बोलून टाकलं.

"सांगू द्या तिले, माय," ज्योत्सना म्हणाली. ती सासूच्या विरुद्ध बोलली असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं, आणि बोलून झाल्यावर ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

चंद्रभागाबाईने दोन्ही सुनांकडे पाहिलं. "उद्या भाऊले बोलावते," ती म्हणाली. "तो म्हनन ते."

भाऊ म्हणजे तुलाराम, तिचा थोरला भाऊ, लिलाधर-प्रविणचा मामा. तो त्याच्या गावचा पोलीस पाटील होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बोलणं तसंच राहिलं होतं. मागच्या उन्हाळ्यात बोअरच्या जागेवरून त्याचं आणि जागेश्वरचं वाजलं होतं आणि तेव्हापासून त्याने या घरात पाय ठेवला नव्हता. पण बहिणीचा निरोप गेला तसा तो रविवारी ऊन उतरल्यावर मोटारसायकलवर मागे बसून आला, जागेश्वरच्या हातचं पाणी प्याला, आणि पलंगावर मांडी घालून म्हणाला, "बोला. काय प्रकरण हाये?"

प्रकरण सांगितलं. चंद्रभागाबाईने एक बाजू सांगितली. टीनाची बाजू ज्योत्सनाने सांगितली, कारण मामासासऱ्यासमोर टीनाला बोलायचा संकोच होता. लिलाधर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"लिलाधर, तुयं काय म्हननं?" तुलारामने विचारलं.

"माय म्हनते ते बराबर हाये," लिलाधर जमिनीकडे पाहत म्हणाला. "पोट्टा ट्रक चालवते. त्याचं ध्यान भटकलं तं?"

ज्योत्सनाने नवऱ्याकडे पाहिलं. तिची नजर काही चांगली नव्हती. पण तीही लगेच दुसरीकडे पाहू लागली.

"जागेश्वर?"

"माह्यं काई म्हननं नाई," जागेश्वर म्हणाला.

तुलारामने घसा साफ केला. "सदर बाब नाजूक हाये. जवान ड्युटीवर हाये. माह्या मते सदर बातमी सध्या स्थगित ठेवावी. परिस्थिती निवळली का कळवावी. कोणी परस्पर फोन करून कळवू नये."

"मी हेच म्हनत होती," चंद्रभागाबाई म्हणाली.

टीना भिंतीला टेकून बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. ज्योत्सना तिच्याजवळ जाऊन बसली.

निकाल लागल्यावर घरात काय करायचं ते कोणाला सुचेना. मग टीव्ही लावला. सिनेमा अर्ध्यावर आला होता. डोंगरावर चौकी, चौकीत पाचसहा जवान. एका कोपऱ्यात गोळ्यांच्या खोक्यांचं छोटं देऊळ केलेलं. एक जवान रोज त्याला फूल वाहायचा. डोंगरावर त्याला फुलं कुठून मिळत होती ते सिनेमावाल्यांनी दाखवलं नव्हतं. दुसरा जवान देव मानत नव्हता आणि पहिल्याची थट्टा करायचा.

"हा मरते," चंद्रभागाबाई फूलवाल्याकडे बोट करून म्हणाली.

"अन् हा दुसरा?" तुलारामने विचारलं.

"तो आता देव मानन, पहिला मेल्यावर. मंग तो सगळ्याईले मारते."

तेवढ्यात सिनेमातल्या फूलवाल्याला गावाहून खबर आली. त्याची बायको बाळंत होणार होती. तो नाचला. त्याने देवळाला डोकं टेकवलं. खोलीत कोणी हललं नाही. टीनाने डोळे मिटून घेतले. बाहेर अंधारायला लागलं होतं. सिनेमात गोळीबार सुरू झाला, फूलवाला चौकीबाहेर धावला, कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ गेला, आणि वीज गेली.

टीव्ही काळा झाला. पंखा दोनचार वेळा फिरून थांबला.

"वाचला असन," जागेश्वर अंधारात म्हणाला.

"नाई वाचला," चंद्रभागाबाई म्हणाली.

आणि फळीवरचा फोन वाजला.

* * *

लिलाधरने फोन उचलला, स्पीकर लावला आणि पलंगावर मधोमध ठेवला. फोनच्या उजेडात सगळ्यांची तोंडं खालून उजळली.

"हॅलो? माय हाये का?" प्रविणचा आवाज स्पष्ट होता, शेजारच्या घरातून बोलल्यासारखा.

"हाये बापा. कालचा आवाज कायचा होता?"

"कोनता? ते? ट्रकचं फाळकं पडलं."

लिलाधरने सगळ्यांकडे पाहिलं. त्याला जन्मात एवढं मोठं समाधान मिळालं नव्हतं.

"जेवला का?"

"जेवलो. माय, दिवा लावला का आज?"

चंद्रभागाबाईचा हात पदरावर थांबला.

"काहून विचारतं?"

"असाच. सायंकाळ झाली का मी इथं सगळ्याईले सांगतो, आता माही माय दिवा लावत असन. पोट्टे हसतात. पण मले बरं वाटते. मंग झोप लागते."

"लावला," चंद्रभागाबाई म्हणाली. "रोज लावते."

अंधारात ज्योत्सनाने श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला. चंद्रभागाबाई देवाच्या बाबतीत खोटं बोलली होती. तिला स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं. या पोराला झोप कशाने लागते ते तिला आजवर माहीत नव्हतं. ती सिनेमातल्या पोरांची झोप पाहत बसली होती. मग तिने फोन उचलला, चाचपडत टीनाच्या हातात दिला, आणि म्हणाली, "सांग त्याले."

"माय!" लिलाधर म्हणाला.

"चंद्रभागा, आताच ठरलं हाये," तुलाराम म्हणाला.

"सांग," चंद्रभागाबाई म्हणाली.

टीनाने फोन दोन्ही हातांत धरला. इतके दिवस तिने या वाक्याची तयारी केली होती, आणि ते पाच माणसांसमोर, स्पीकरवर, अंधारात बोलावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. "अवो," ती म्हणाली, "मले... तिसरा महिना हाये."

सगळे फोनकडे वाकले.

"हो," प्रविण म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "म्हणजे... मले माहीत हाये."

"कसं काय?" टीनाने विचारलं.

"बाबानं सांगतलं."

जागेश्वर पलंगाच्या काठावरून उठू लागला. चंद्रभागाबाईने त्याचा सदरा धरला. तो बसला.

"मंग दादानं सांगतलं," प्रविण पुढे म्हणाला, कारण आता थांबून उपयोग नव्हता. "सुट्टी क्यान्सल झाली तवा. मंग वहिनीनं सांगतलं, डॉक्टरनं काय काय म्हनलं ते समदं. सगळ्याईनं शपथ घातली का मायले सांगू नको, टीनाले सांगू नको. म्हनून मी..."

ज्योत्सनाने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने ज्योत्सनाकडे. दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं.

"मीबी सांगतलं होतं," तुलाराम म्हणाला. तो शांतपणे म्हणाला, जसा पंचनाम्यावर सही करताना म्हणाला असता. "जागेश्वरनं मले सांगतलं. मी फोन केला. अभिनंदन केलं."

"तुमचं तं बोअरवरून भांडण होतं," चंद्रभागाबाई म्हणाली.

"भांडण होतंच. बातमी वेगळी."

"मंग आता कोणी परस्पर कळवू नये, असं काहून म्हनलं?"

"तू मोठेपणानं बोलावलं होतं," तुलाराम म्हणाला. "तुया शबूद मोडून कसं चालन?"

चंद्रभागाबाई नवऱ्याकडे वळली. "तुमी कधी सांगतलं?"

"अक्षय तृतीयेले," जागेश्वर म्हणाला. "टीनानं घरात सांगतलं, अन् मी तलावावर गेलो, तं त्याचाच फोन आला. तोंडातून निघून गेलं."

"म्हंजे गोळ्या सुरू झाल्या तवा त्याले माहीत होतं."

"हो."

"अन् आतापर्यंत त्याले काई झालं नाई."

"हो."

"हॅलो?" फोनमधून प्रविण म्हणाला. "आवाज येऊन राहिला का?"

चंद्रभागाबाई फोनवर वाकली. "प्रविण, मी खोटं बोलली. मी दिवा नाई लावत. गोळ्या सुरू झाल्या तवापासून नाई लावला."

"काहून?"

"सिनेमात ज्याची माय दिवा लावते तो मरते."

फोनमधून कसलासा दबका आवाज आला. तो हसत होता की काय करत होता ते कळलं नाही.

"माय, इथं ट्रक सुरू करताना सगळेच देवाचं नाव घेतात," तो म्हणाला. "सगळ्याईच्या घरी कोणी ना कोणी दिवा लावते. तसं असतं तं इथं कोणी उरलंच नसतं. मले एकट्यालेच ट्रक चालवा लागला असता."

"सगळेच घेतात?"

"सगळेच. ज्याचा देव नाई तोही घेते. चढ असला का जास्त घेते."

चंद्रभागाबाईने हे मनात फिरवून पाहिलं. सिनेमात पाचसहाच जवान दाखवतात, ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

"मंग मी इतके दिवस अंधारात बसली, ते कोणासाठी?" तिने विचारलं. तिने ते फोनला विचारलं नव्हतं. मग ती टीनाला म्हणाली, "ते मोठ्यानं ऐकू येते ते बंद कर. अन् जाय आंगणात."

टीना फोन कानाला लावून अंगणात गेली.

चंद्रभागाबाईने उठून हात धुतले. अंधारातच वात वळली, तेल घातलं, देवाजवळ दिवा लावला. दार उघडं होतं. वारा आला आणि दिवा विझला. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. तुलारामने पलंगावरून पाय खाली सोडले.

"हवा हाये," जागेश्वर म्हणाला.

"दिसून राहिली मले," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि तिने दुसरी काडी ओढली. या वेळी जागेश्वर उठून तिच्या बाजूला बसला आणि दिव्याभोवती त्याने दोन्ही हात धरले. हात तसे धरले की ते जोडल्यासारखेच दिसतात. ज्योत्सनाने ते पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा, मामाले जेवू घालाचं हाये. अन् तुमच्याशी मले बोलाचं हाये."

* * *

टीना अंगणात बाजेवर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फोनमध्ये फक्त तो होता.

"रागावली का?" प्रविणने विचारलं.

"मंग तुमी रोज फोनवर विचारत होते, 'आणखी काय?' म्हनून. ते कायले? माहीत होतं तं?"

"तू सांगशीन म्हनून."

"अन् मी रोज म्हनत होती, काई नाई."

"हो."

"तुमाले वाईट वाटलं असन."

"वाटलं," तो म्हणाला. "मंग मले वाटलं, सांगाचं राहिलं हाये तोवर तू मले फोनवर धरून ठेवशीन." तो थांबला. मागे कोणीतरी हिंदीत हाक मारली, त्याने त्याला 'अभी आया' म्हटलं, पण तो गेला नाही. "टीना, एक सांगू? घरी कोणाले सांगू नको."

"सांगा."

"मले भेव लागते. पहिले नव्हतं लागत. बाबानं सांगतलं त्या दिवसापासून लागते. रात्री दिवे बंद करून गाडी चालवा लागते, रस्ता दिसत नाई, तवा लय लागते."

टीनाने इतके दिवस खोलीत बसून सिनेमातले जवान पाहिले होते. ते ओरडत, गात, आईच्या आठवणीने रडत, मरताना हसत. यातला एकही आपल्या बायकोला असं म्हणाला नव्हता. धीर देणारं काही तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तिने ते म्हटलं नसतं.

"मलेही लागते," ती म्हणाली.

"हो ना?"

"रोज लागते."

तिला त्याचा श्वास ऐकू आला. तो मोकळा झाल्यासारखा होता. मोकळा झाला तो त्याचा की आपला, ते तिला नीट कळलं नाही.

चंद्रभागाबाई जेवायला बोलवायला दारात आली. सून बाजेवर बसलेली, फोन कानाला, आणि दोघांपैकी कोणीच काही बोलत नव्हतं. फोन तुटला असं तिला आधी वाटलं. मग टीनाने हाताने खूण केली, की चालू आहे. सासूने मान हलवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिकडून तो काय म्हणतो ते न विचारता ती आत गेली.